घास म्हणजे नेमकं कोणतं गवत? हिंगण्यात चारा लावायचाय, नावांनी गोंधळ घातलाय

कृष्णाकाठची (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. माहेर सांगलीकडचं, सासर नागपूर. हिंगणा तालुक्यात सासऱ्यांचं चार एकर वावर आहे, निम्मं भारी काळं, निम्मं उताराचं मुरमाड, विहिरीला मार्चपर्यंत बरं पाणी असतं. गवळाऊ गाई आहेत आणि एक म्हैस. आत्तापर्यंत कुटार (मळणीनंतरचा भुसा), कडबा आणि विकतची ढेप यावर चाललं, पण ढेपीचे भाव बघता हिरवा चारा घरचाच करायचा असं ठरवलंय, गवत आणि द्विदल दोन्ही.

अडचण अशी की कोणाशी बोलायला गेलं की नावातच अडकायला होतं. आमच्याकडे घास म्हणजे लसूणघास, दुसरं काही नाहीच. इथे दुकानात घासाचं बी मागितलं तर दुकानदार म्हणतो, "कोणतं घास ताई, सगळं घासच हाय." माहितीपत्रकात चवळी छापलंय, आमच्या गड्याला ती बरबटी म्हटल्यावर कळते. शेडा, पवना, मारवेल, डोंगरी ही नावं पत्रकात आहेत, त्यातली दोन आमच्या गायक्याला, म्हणजे गुराख्याला, माहीत आहेत, पण तो ज्याला पवना म्हणतो ते फोटोतल्या पवन्याशी अजिबात जुळत नाही. तर या जमिनीत काय लावू, आणि ही नावं नीट शिकायची कशी, दोन्ही सांगा. दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो कारण उद्या काही चुकीचं खाल्लं गेलं तर फोनवर डॉक्टरला सांगणार काय?

कोंढाळीचा_भाऊ
ताई, भारी वावरात अर्ध्यात संकरित नेपियर टाका, अर्ध्यात दिवाळीच्या सुमारास बरसीम. नेपियरचं बी येत नाही, ते बाजरी आन् हत्तीगवताचा संकर हाय, वांझ असते, म्हणून ठोंब नाहीतर दोन डोयाच्या कांड्या लावा लागते. तीन फूट बाय दोन फूट. यशवंत, जयवंत, फुले गुणवंत ह्या राहुरी विद्यापीठाच्या जाती, आमच्याकडे लोक सगळ्यायले गजराजच म्हणते. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यानं, मंग दर दीड-दोन महिन्यानं. मुरमाडाचं दुसरे सांगतीन, माह्याकडे मुरूम नाई.

मुठेकाठचा
गाईला रोज ढेप? गूळ परवडतो तुम्हाला?

कोंढाळीचा_भाऊ
भाऊ, इकडे ढेप म्हंजे सरकीची. तुमची पेंड. गुयाची भेली असते. 😄

कृष्णाकाठची
@मुठेकाठचा, अगदी हेच! लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या की म्हशीला दोन किलो ढेप घाल, मी खरंच गुळाचा डबा उघडून बघत होते.

गोठाभेट
पशुवैद्यक आहे, नागपूर-वर्धा भागात फिरतो, म्हणून आधी चाऱ्याबद्दल आणि मग नावांबद्दल.

बरसीम जरूर लावा. पहिली कापणी पेरणीपासून ४५-५० दिवसांनी आणि पुढे दर २५-३० दिवसांनी, मार्च-एप्रिलपर्यंत मिळत राहते, उन्हाळा चढला की संपते. पण बी घेतलं की आधी मिठाच्या पाण्यात टाका, दहा लिटर पाण्याला किलोभर मीठ. त्यात मिसळलेलं कासनी या तणाचं बी हलकं असतं, ते वर तरंगतं, ते काढून फेका आणि खाली बसलेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन घ्या. हा उद्योग न केल्यास दुसऱ्या वर्षी बरसीम कमी आणि कासनी जास्त असं वावर दिसतं, मी पाहिलेलं आहे. लसूणघास लावणार असाल तर पाणी साचत नाही अशीच जागा निवडा. आपल्याकडे हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जमीन चिकण, साचलेल्या पाण्यात त्याची मुळं सडतात. जिथे निचरा आहे तिथे मात्र तीन वर्षं टिकतो. त्यात पिवळे दोरे दिसले की ती अमरवेल समजा, तेवढा तुकडा घासासकट उपटून जाळा, थांबून बघू नका.

आता पोटफुगी. बरसीम आणि लसूणघास दोन्ही कोवळे, ओले आणि उपाशी पोटी पोटभर खाल्ले की फेसाची पोटफुगी होते, डावी कूस ढोलासारखी वाजते. आधी कुटार किंवा कडबा टाका, हिरवं कापून थोडा वेळ सुकू द्या, मग कुट्टीत मिसळून द्या. फुगलंच तर डॉक्टर येईपर्यंत गोडंतेल पाजतात पण मान फार वर करू नका, ठसका लागला तर तेल फुप्फुसात जातं.

आणि नावांची काळजी तुम्ही करताय ती बरोबर आहे. मला रात्री फोन येतो, "साहेब, गाईनं घास खाल्ला अन् पडली." आता हा घास म्हणजे लसूणघास असेल तर पोटफुगी, आणि ज्वारीचा कोवळा फुटवा असेल तर ती किराळ, म्हणजे सायनाइडची विषबाधा, तिचं इंजेक्शन वेगळं आणि वेळ मिनिटांचा. मी आता फोनवर नाव विचारतच नाही. पान रुंद आहे की तीन-तीन पानांचं आहे, उंची गुडघ्याला की कमरेला, कापून आणलं की चरताना खाल्लं, असं विचारतो.

मुठेकाठचा
डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रतिसादावरूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. जनावराच्या जिवाचा प्रश्न असेल तर राज्यभर एका वनस्पतीला एकच नाव पाहिजे. पत्रकं, दुकानं, शाळा, सगळीकडे तेच. बोलीचं कौतुक घरी करावं. नाहीतर सरळ शास्त्रीय नाव वापरा, तिथे गोंधळ नाही.

गोठाभेट
शास्त्रीय नावही स्थिर नसतं हो. नेपियर आम्ही कॉलेजात पेनिसेटम पर्प्युरियम म्हणून शिकलो, आता नव्या याद्यांमध्ये ते सेंक्रस पर्प्युरियस झालंय. शास्त्रज्ञांना ते बदलणं भाग होतं, पण हिंगण्याच्या गायक्याला मी कोणतं सांगू?

बोलीवेडी
धागा फार आवडला, वाचनखूण साठवली. मी भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी, घर नागपुरातच, प्रतापनगर.

@मुठेकाठचा, एकच नाव ठरवलं तरी ते कोणाचं हा प्रश्न उरतोच. पत्रकातली बहुतेक नावं पश्चिम महाराष्ट्रातून आलेली आहेत कारण वाण तिथे निघाले. त्यात वाईट काही नाही, पण ती वाचणारा माणूस कळमेश्वरला बसलाय.

नागपूरची गंमत अशी की आपण दोन बोलींच्या मधे बसलोय. पश्चिमेला वऱ्हाडीत ळ चा य होतो, काळी जमीन "कायी", डोळा "डोया" (कोंढाळीच्या भाऊंनी वर नकळत दाखवलंच). पूर्वेला भंडारा-गोंदियाच्या झाडीबोलीत तोच ळ र होतो, म्हणजे "कारी" आणि "डोरा", आणि ण चा न. त्यावर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी भरपूर काम केलंय. शिवाय छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाची हिंदी शेजारी, "बरबटी" तिकडेही चालते. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली आला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी दोन्हींचे नमुने आहेत. नमुन्यासाठी त्यांनी सगळीकडे उधळ्या मुलाचीच बायबलातली गोष्ट सांगायला लावली, म्हणजे तुलना करता यावी. त्या गोष्टीत तो मुलगा डुकरं चारतो आणि त्यांच्या चाऱ्यावर पोट भरावंसं त्याला वाटतं, म्हणजे चारा तिथेही आहेच! पण एका ठरलेल्या गोष्टीतून गवतांची नावं मिळत नाहीत, त्यासाठी माणसासोबत रानात जावं लागतं.

बांधीवाला
+१. मी साकोलीकडचा. आमच्याकडे बांधी म्हणजे धानाचं खाचर आणि तुमचा बांध म्हणजे आमचा धुरा, यावरून बाहेरून आलेल्या साहेबांशी कितीदा वाद झालेत.

ताईंना एक द्विदल सुचवतो, लाखोरी. पुस्तकात लाखोळी लिहितात. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत उभ्या पिकात बी फेकतात, नांगरणी नाही, खत नाही, पाणी नाही, धान कापून नेलं की खाली हिरवं तयार असतं. तनसासोबत, म्हणजे धानाच्या पेंढ्यासोबत, बैलाला दिली की तनस गोड लागतं त्याला. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली कारण ती डाळ महिनोन्महिने मुख्य जेवण म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. पुढे कमी विषाचे वाण निघाले, रतन, प्रतीक, महातेवडा. या महातेवड्यातलं तेवडा हे छत्तीसगडी नाव, म्हणजे एकाच दाण्याची लाखोळी, लाखोरी, तेवडा अशी तीन नावं, आणि बीवाल्याकडे तिन्ही माहीत पाहिजेत.

गोठाभेट
@बांधीवाला, लाखोळी धानपट्ट्यात उत्तम, पण हिंगण्याला धान नाही. आणि जनावरालाही दाणे भरलेली लाखोळी एकटीच सतत देऊ नये, चारा म्हणून फुलावर असताना, इतर चाऱ्यात मिसळून.

कुरणवेडा
मुरमाड दोन एकरांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तिथे नेपियर लावून पाणी वाया घालवू नका. स्टायलो हा द्विदल चारा आणि देशी गवत यांचं मिश्र कुरण करा. स्टायलोच्या बियांचं कवच कडक असतं, पाणी ८० अंशांपर्यंत तापवून त्यात चार-पाच मिनिटं बी बुडवा आणि लगेच गार पाण्यात काढा, नाहीतर निम्मं बी पुढच्या वर्षीपर्यंत तसंच पडून राहतं. पहिल्या पावसाआधी उथळ रेघा ओढून बारीक मातीत मिसळून पेरा, वर माती जवळपास नकोच, एवढंसं बी खोल गेलं की संपलं. गवतात अंजन, शेडा, डोंगरी. पहिल्या वर्षी चारू नका, फक्त कापून न्या. कुरण बसायला वेळ लागतो आणि लोक पहिल्याच श्रावणात गुरं घालतात, तिथेच ते मरतं.

कापणीची वेळ फार महत्त्वाची. आपल्याकडे दिवाळी झाल्यावर, गवत पिवळं पडल्यावर कापतात. तोवर बी गळून जातं आणि काडी उरते, प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. तेच फुलोऱ्यात कापून सावलीत वाळवलं तर दुपटीच्या आसपास मिळतात, आणि स्टायलो मिसळलेलं असेल तर त्याहून चांगलं. लसूणघासात अठरा-वीस टक्के असतात म्हणून सगळे त्याच्या मागे, पण पाण्याशिवाय मिळणाऱ्या चाऱ्यात स्टायलोला तोड नाही असं माझं ठाम मत आहे.

@बोलीवेडी, तुमच्यासाठी एक: अंजन हे गवत आहे आणि अंजन हे झाडही आहे. झाड द्विदल, त्याचा पाला गुरं आवडीने खातात. गवत एकदल. दोन्ही चारा, दोन्ही कोरडवाहू भागातले, दोन्हीचं नाव एक. चार माणसं अंजनावर बोलत असली तर आधी विचारा की खाली वाकायचं की वर बघायचं.

बोलीवेडी
वाकायचं की वर बघायचं 😂 हे मी प्रबंधात टाकणार.

मुठेकाठचा
यालाच मी गोंधळ म्हणतो.

आखर
मी सहसा वाचतो फक्त, पण हा विषय घरचा आहे.

आम्ही गोवारी. पिढ्यानपिढ्या गावाची ढोरं चारणं हेच काम. नागपुरात बहुतेकांना आमचं नाव सीताबर्डीच्या उड्डाणपुलामुळे माहीत, २३ नोव्हेंबर १९९४ च्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत आमची ११४ माणसं गेली, त्यांच्या नावाने तो पूल आहे. आमच्या म्हाताऱ्यांना रानाबद्दल काय माहीत होतं ते मात्र कोणी विचारायला आलं नाही, आणि आता ती माणसं एकेक करून चालली.

आजा सकाळी आखरावर गाई गोळा करायचा आणि आज कुठल्या बाजूला न्यायच्या ते गवतावरून ठरवायचा. कुसळी कोवळी असते तोवर तिकडे, तिला कुसं धरली की तिकडे नाही, तोंडात आणि कातडीत रुततात, मेंढराला तर जास्तच. तिखाडीच्या पट्ट्यातून गाई नुसत्या चालत न्यायच्या कारण त्या ती खातच नाहीत, वासाची असते, तेल काढतात तिचं. कुंदा दिसला की शेतवाल्याला आवाज द्यायचा, कारण काळ्या वावरात तो एकदा बसला की नांगराला ऐकत नाही. हे सगळं तो मला बोलून शिकवायचा नाही, पुढे जाऊन एखादी काडी उपटून माझ्या हातात द्यायचा, मी दाताखाली धरून बघायचो, आणि संध्याकाळी परत येताना विचारायचा की ही कोणती.

मुठेकाठच्या साहेबांना एवढंच सांगतो की आमच्याकडे गोंधळ नव्हता. ज्या रानात ढोरं चरत होती तिथल्या प्रत्येक गवताला आमच्याकडे नाव होतं आणि ते गावात सगळ्यांना कळायचं. गोंधळ बाहेरचं पत्रक आल्यावर सुरू झाला. ताई, तुमचा गायकी ज्याला पवना म्हणतो ते त्याच्या रानातलं पवनाच आहे, त्याला खोटं ठरवू नका. फोटो बाजूला ठेवा आणि त्याला विचारा की हे गाई कधी खातात, कधी सोडतात.

मुठेकाठचा
@आखर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या गावापुरतं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पण बियाणं गावात तयार होत नाही, ते अकोल्याहून, राहुरीहून, झाशीच्या गवत संशोधन संस्थेतून येतं, आणि पिशवीवर एकच नाव छापता येतं. मी त्या पिशवीबद्दल बोलतोय.

बोलीवेडी
पिशवीवर मोठं नाव एक आणि खाली बारीक अक्षरात तीन-चार बोलीतली नावं, इतकं सोपं आहे ते. औषधाच्या बाटलीवर इतका मजकूर मावतो तर बियाण्याच्या पिशवीवर का नाही?

मुठेकाठचा
हे चालेल मला.

उमरेडचे_मास्तर
शाळेत यावर एक उपक्रम घेतो, सांगतो. पाचवीच्या मुलांना सांगितलं की घराजवळची गवतं मुळासकट आणा, वहीत चिकटवा आणि खाली आजी काय म्हणते, बाबा काय म्हणतात, पुस्तकात काय आहे हे लिहा. मुलांच्या वडिलांपेक्षा आज्यांना जास्त नावं माहीत निघाली, कारण धुऱ्यावरचं गवत कापून आणायचं काम बायकांचं. एका पोरीने लव्हाळ्याखाली आजीचं "मोथा" लिहिलं, आणि कंसात "गवत नाही" असं आजीच सांगते म्हणून लिहिलं! खरंच आहे, लव्हाळा गवताच्या कुळातला नाही, त्याची काडी तिधारी असते, बोटात फिरवून बघा. आजीला कूळ माहीत नव्हतं पण काडी माहीत होती.

पोरं घरी "मले, तुले" बोलतात आणि वर्गात तोंड मिटून बसतात. त्या दिवशी एकही गप्प नव्हतं. प्रमाण भाषा मी शिकवतोच, ती त्यांना लागणार आहे, पण आधी त्यांच्याकडे असलेलं मोजलं गेलं की पुढचं घ्यायला ती घाबरत नाहीत. ताई, तुम्हीही तीन रकान्यांची वही करा.

कोंढाळीचा_भाऊ
मास्तर, लय भारी. माह्या पोट्टीले दाखवतो हे.

विदर्भवासी
अवांतर: कुरण करायला जागा उरली कुठे? विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर "झुडपी जंगल" म्हणून लागलेली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे, जुन्या मध्य प्रांताच्या वेळेपासूनचा शब्द. गावाची ढोरं तिथेच चरायची. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वन म्हणूनच धरायची असा निकाल दिला. ती वाचली याचा मला आनंद आहे, पण चराईचं पुढे काय हा प्रश्न गावोगावी आहे.

कुरणवेडा
@विदर्भवासी, याच्यावर वेगळा धागा काढा, खूप बोलण्यासारखं आहे. ताडोब्यात नवेगाव, जामणी ही गावं उठली, तिथल्या जुन्या वावरांवर आज गवत उभं आहे आणि हरणं चरतात. शेतजमिनीचं कुरण होतं हे तिथे जाऊन बघता येतं, फक्त मधली दोन-तीन वर्षं तण काढायला माणसं लागतात.

गोठाभेट
इथे परत चाऱ्यावर येतो. वर एक राहिलं. नेपियर एकटं देत राहिलात तर त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं, दुभत्या म्हशीला ते जाणवतं. खनिज मिश्रण रोज द्या आणि सोबत द्विदल ठेवा. धुऱ्यावर सुबाभूळ लावणार असाल तर त्याचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच, त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की केस गळतात. शेवरी आणि हादगा त्या मानाने निर्धास्त. ज्वारी चाऱ्याला पेरली तर निम्मा फुलोरा आल्यावरच कापा, आणि पाण्याचा ताण बसलेल्या खुंटाला नवा फुटवा आला असेल तर त्या वावरात गुरं अजिबात सोडू नका.

कृष्णाकाठची
किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. काल आखर दादांचं वाचून गायकीकाकांसोबत उतारावर गेले. त्यांचा पवना आणि पत्रकातला पवना शेजारी धरले. काकांच्या गवताचा तुरा एकेरी, फोटोतल्यापेक्षा आखूड. काका म्हणाले, याला पांढरे तुरे आले की गाई आधी हेच शोधतात, वाळलं तरी सोडत नाहीत. मग मी नाव विचारणं बंद केलं आणि हेच बी गोळा करायचं ठरवलं, कारण आपल्याच रानातलं आहे आणि आपल्याच गाई खातात. नमुना कृषी महाविद्यालयात दाखवून कूळ विचारणार आहे, वहीच्या तिसऱ्या रकान्यासाठी. पहिल्या रकान्यात काकांचं नाव, दुसऱ्यात माझं सांगलीचं.

बाकी असं ठरलंय: भारी जमिनीत अर्धा एकर नेपियर, त्याच्या शेजारी पावसाळ्यात ज्वारी आणि बरबटी मिसळून, दोन ओळी ज्वारी आणि एक ओळ बरबटी, ती निघाली की तिथेच बरसीम. निचऱ्याच्या कोपऱ्यात थोडा लसूणघास, माहेरची आठवण आणि कोंबड्यांनाही होतो. उतारावर स्टायलो आणि काकांचं गवत. धुऱ्यावर शेवरी. द्विदलांच्या बियाला चोळायच्या जिवाणू संवर्धकाचं कोणी सांगितलं नाही, एकच पाकीट सगळ्या द्विदलांना चालतं का?

कोंढाळीचा_भाऊ
नाई चालत. दुकानदार देऊन टाकते एकच, घेऊ नका.

गोठाभेट
भाऊ म्हणतात ते बरोबर. बरसीमचे जिवाणू वेगळे आणि लसूणघासाचे वेगळे, अदलाबदल केली तर गाठी धरत नाहीत. बरबटीचे जिवाणू आपल्या जमिनीत बहुतेक आधीच असतात. साधारण दहा किलो बियाला २५० ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाला चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पाकिटावर पिकाचं नाव आणि वापरण्याची शेवटची तारीख दोन्ही वाचून घ्या. महिन्याभराने एक रोप हलक्या हाताने खोदून मुळावरची गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी निघाली तर नत्र धरायला लागली, हिरवट किंवा पांढरी निघाली तर इथे लिहा, पुढचं बघू.